स्वभरित काडतुसांची अचूकता : अल्प नमुन्यावरून केलेल्या अनुमानाचा एक दाखला

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून न देता तिच्यात नवी दारू, नवा प्राइमर आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरण्याचा छंद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दीर्घकाळ रूढ आहे. या छंदामागे दोन हेतू असतात. पहिला काटकसरीचा. काडतुसाच्या घटकांपैकी पुंगळीच सर्वांत महाग असते आणि ती अनेक वेळा वापरता येते. दुसरा हेतू अचूकतेचा. कारखान्यात तयार होणारे काडतूस त्या मापाच्या सर्व रायफलींत सुखरूप चालावे अशा बेताने बनविलेले असते. उलट, स्वतः भरणी करणारा नेमबाज आपल्या एकाच रायफलीला मानवेल असे काडतूस शोधू शकतो. या शोधाची नवशिक्यांमध्ये प्रचलित असलेली रीत संख्याशास्त्राच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. म्हणून तिची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ती रीत अशी. दारूच्या वजनात थोडाथोडा फरक करून सात-आठ प्रकारची काडतुसे भरावयाची. प्रत्येक प्रकारच्या तीन गोळ्या १०० मीटरवरील लक्ष्यावर झाडावयाच्या. आणि ज्या प्रकाराच्या तीन छिद्रांचा पुंजका सर्वांत लहान आला तो प्रकार 'उत्तम' म्हणून कायमचा स्वीकारावयाचा. ही रीत वरवर पाहता प्रयोगशील व निःपक्षपाती वाटते. परंतु तिने मिळणारे उत्तर हे बहुधा रायफलीचे उत्तर नसून यदृच्छेचे उत्तर असते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

काडतुसाची घडण

रायफलीच्या काडतुसाचे घटक चार : पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी. चाप ओढल्यावर आघाताने प्राइमर पेटतो व त्याच्या ज्वाळेने धूररहित दारू पेट घेते. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून अशी दारू सिद्ध केली आणि काळ्या दारूचे युग संपुष्टात आले. धूररहित दारूचा एक गुणधर्म येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तिच्या ज्वलनाचा वेग भोवतालच्या दाबाबरोबर वाढतो, आणि वाढलेल्या ज्वलनामुळे दाब आणखी वाढतो. गोळी पुढे सरकून वायूंना जागा करून देते म्हणूनच ही वाढ मर्यादेत राहते. पितळी पुंगळी या दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीस घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरल्यावर ती किंचित आकसते व बाहेर काढता येते. दारू पेटल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंतची क्रिया सामान्यतः एक-दोन सहस्रांश सेकंदांत पूर्ण होते.

झाडलेली पुंगळी चेंबरच्या मापाची झालेली असल्यामुळे तिला डायमधून दाबून पूर्ववत मापात आणावे लागते. लांबी वाढली असल्यास ती कापावी लागते. नंतर नवा प्राइमर बसवून, दारू तोलून घालून, गोळी ठराविक खोलीवर दाबून बसविली जाते. यांतील प्रत्येक पायरीवर थोडीफार विषमता शिरते. पुंगळ्यांच्या पोकळीचे आकारमान सारखे नसते, त्यांची मान गोळीला सारख्याच घट्टपणे धरीत नाही, दारूच्या वजनात फरक पडतो. दारूच्या वजनात एक दशांश ग्रेनचा, म्हणजे सुमारे ६.५ मिलिग्रॅमचा फरक मध्यम आकाराच्या रायफल काडतुसात गोळीच्या वेगात सेकंदाला साधारण दीड मीटरचा फरक घडवितो. तथापि सर्वांत महत्त्वाची विषमता खुद्द गोळीत असते. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील डॉ. फ्रँकलिन मान यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या 'द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टु टार्गेट' या ग्रंथात अनेक वर्षांच्या प्रयोगांचा वृत्तांत दिला आहे. नेमबाजाच्या हाताचा दोष निकालातून वगळता यावा म्हणून त्यांनी नळी जमिनीत पक्क्या बांधलेल्या आधारावर ठेवून गोळ्या झाडल्या. गोळीचा बूड वाकडा असणे आणि तिचा गुरुत्वमध्य अक्षावर नसणे ही विखुरणाची प्रमुख कारणे होत, असे त्यांना आढळले.

शोधाची सीमा : दाब

अचूक भरणीचा शोध ज्या क्षेत्रात करावयाचा त्याची सीमा अचूकतेने नव्हे तर दाबाने ठरते. .३०८ विंचेस्टर हे १९५२ मध्ये बाजारात आलेले काडतूस उदाहरणादाखल घेऊ. अमेरिकेतील उत्पादकांच्या मानक संस्थेने, म्हणजे १९२६ मध्ये स्थापन झालेल्या स्पोर्टिंग आर्म्स अँड ॲम्युनिशन मॅन्युफॅक्चरर्स इन्स्टिट्यूटने, त्यासाठी कमाल सरासरी दाब दर चौरस इंचास ६२,००० पौंड इतका ठरविला आहे. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ४,२०० पट भरतो आणि तो नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर निर्माण होतो.

म्हणून दारूच्या व गोळ्यांच्या उत्पादकांनी दाब प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांबाहेर नवशिक्याने पाऊल टाकू नये, हा या छंदाचा पहिला नियम होय. कोष्टकात दिलेल्या आरंभीच्या वजनापासून सुरुवात करून लहान पायऱ्यांनी वर जावयाचे असते. गोळी, पुंगळी, प्राइमर किंवा दारूचा डबा यांपैकी काहीही बदलले तर पुन्हा आरंभीच्या वजनावर यावयाचे असते. एका जातीच्या दारूऐवजी दुसरी वापरणे तर सर्वस्वी वर्ज्य होय. प्राइमर चपटा होणे, पुंगळीच्या बुडावर चकाकणारा ठसा उमटणे, बोल्ट जड चालणे, ही जादा दाबाची लक्षणे मानली जातात. परंतु ती पुष्कळदा मर्यादा ओलांडल्यानंतरच दिसतात. त्यांचा अभाव हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. येथेही अनुमानाचाच एक धडा आहे : अमुक भरणीच्या तीन गोळ्या निर्विघ्नपणे सुटल्या म्हणून चौथी किंवा तीनशेवी, कडक उन्हात तापलेल्या चेंबरातून, तशीच सुटेल असे म्हणता येत नाही.

विखुरणाचे गणित

एकाच भरणीच्या गोळ्या लक्ष्यावर एकाच बिंदूत पडत नाहीत. त्यांच्या आडव्या व उभ्या विचलनांना परस्परस्वतंत्र आणि समान प्रमाण विचलनाची प्रसामान्य वितरणे लागू पडतात, असे गृहीत धरणे हे पहिल्या अंदाजास पुरेसे आहे. या प्रमाण विचलनास सिग्मा म्हणू. मग प्रत्येक गोळीचे केंद्रापासूनचे अंतर रॅले वितरण पाळते व त्याचे माध्य १.२५ सिग्मा इतके येते.

नेमबाज मात्र सिग्मा मोजीत नाहीत. पुंजक्यातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर मोजतात. या अंतरास येथे 'कमाल पसारा' म्हटले आहे. हे मापन सोपे असले तरी त्यात दोन दोष आहेत. पहिला असा की, त्याचे अपेक्षित मूल्य गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढत जाते. तीन गोळ्यांसाठी ते २.४१ सिग्मा, पाचांसाठी ३.०७ सिग्मा आणि दहांसाठी ३.८१ सिग्मा असते. ज्या रायफलीचा तीन गोळ्यांचा सरासरी पसारा २५ मि.मी. आहे तिचा पाच गोळ्यांचा पसारा सरासरीने ३२ मि.मी. आणि दहांचा ४० मि.मी. भरेल. रायफलीत वा भरणीत यत्किंचितही बिघाड झालेला नसतो. तरीही तीन गोळ्यांवर समाधान पावलेला नवशिक्या दहा गोळ्या झाडल्यावर हताश होतो आणि भरणी बदलावयास घेतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कमाल पसारा पुंजक्यातील केवळ दोन छिद्रांवरून ठरतो. इतर छिद्रांतील माहिती वाया जाते. शिवाय अल्प संख्येच्या पुंजक्यात तो अतिशय अस्थिर असतो. त्याचे प्रमाण विचलन माध्याच्या तुलनेत तीन गोळ्यांसाठी शेकडा सुमारे ३७, पाचांसाठी २७ आणि दहांसाठी २० इतके असते. अमेरिकी सैन्याच्या ॲबर्डीन येथील बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील संख्याशास्त्रज्ञ फ्रँक ग्रब्स यांनी १९६४ मध्ये रायफलधारी व क्षेपणास्त्र अभियंते यांच्याकरिता लिहिलेल्या पुस्तिकेत अशा निरनिराळ्या मापांची तुलना करून दाखविली आहे.

आठ भरण्यांचा दाखला

आता मूळ रीतीकडे वळू. समजा, नवशिक्याने भरलेल्या आठही प्रकारांची खरी अचूकता तंतोतंत सारखी आहे. म्हणजे दारूच्या वजनातील फरकाचा विखुरणावर काहीच परिणाम होत नाही. प्रत्येकाचा तीन गोळ्यांचा सरासरी पसारा २५ मि.मी. आहे. असे असता आठ पुंजके झाडल्यावर काय दिसेल?

तीन गोळ्यांच्या पसाऱ्याचे वितरण चार स्वातंत्र्य मात्रांच्या काय-वितरणाच्या अगदी निकट असते. त्यावरून हिशेब केल्यास, आठ पुंजक्यांपैकी सर्वांत लहान पुंजका साधारणपणे १३ मि.मी.च्या आसपास आणि सर्वांत मोठा ३८ मि.मी.च्या आसपास येतो. दोहोंमध्ये जवळजवळ तिपटीचा फरक! हा फरक पाहून कोणताही प्रामाणिक मनुष्य पहिली भरणी 'रायफलीला मानवली' आणि दुसरी 'मानवली नाही' असे म्हणेल. व तरीही त्याचे म्हणणे संपूर्णपणे चुकीचे असेल. निवडलेल्या भरणीचा पुढचा पुंजका पुन्हा सरासरीने २५ मि.मी.च येईल. मग हवा, हात, तापमान किंवा दारूचा नवा डबा यांवर दोष ठेवला जाईल आणि शोध पुन्हा आरंभापासून सुरू होईल. अनेकांतून सर्वोत्तम म्हणून निवडलेल्या निरीक्षणाची पुढील निरीक्षणात माध्याकडे घसरण होते, हे तत्त्व गॉल्टनपासून सुपरिचित आहे. येथे ते कागदावर छिद्रांच्या रूपाने उमटते, एवढेच.

उलट दिशेनेही हिशेब करता येतो. दोन भरण्यांपैकी एकीचा सिग्मा दुसरीच्या निम्मा असेल, तर शेकडा ५ सार्थता पातळीवर तो फरक पाचांपैकी चार वेळा हाती लागावा यासाठी प्रत्येकी नऊ-दहा गोळ्या पुरतात. परंतु सिग्मा केवळ शेकडा २० ने कमी असेल, तर त्याच खात्रीसाठी प्रत्येकी सुमारे ८० गोळ्या झाडाव्या लागतात. दोन भरण्यांच्या एकाच तुलनेस १६० काडतुसे! नळीचे आयुष्य काही हजार गोळ्यांचेच असते, हे लक्षात घेतल्यास अशा तुलना किती परवडतील हे सांगावयास नको. म्हणून छंदी मनुष्य ज्या बारीक फरकांचा पाठलाग करतो ते असतील किंवा नसतील. त्याच्या साधनांनी ते दिसण्यासारखे नाहीत, एवढे मात्र निश्चित.

वेगमापकाची साक्ष

१७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स यांनी लोलकाच्या साहाय्याने गोळीचा वेग प्रथम विश्वासार्हपणे मोजला. आज प्रकाशपडद्यांचे व रडार तत्त्वावरील वेगमापक सामान्य नेमबाजासही उपलब्ध आहेत. त्यामुळे वेगाचे प्रमाण विचलन हा भरणीच्या गुणवत्तेचा निकष होऊन बसला आहे. हा निकष निराधार नाही. पण तो कोठे लागू पडतो हे पाहिले पाहिजे.

सेकंदाला ८०० मीटर वेगाच्या गोळीस १०० मीटर जाण्यास सुमारे ०.१३ सेकंद लागतो व तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने ८ सें.मी. खाली येते. हे पतन वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेगात शेकडा १ फरक पडल्यास पतनात शेकडा २, म्हणजे केवळ १.६ मि.मी. फरक पडतो. २५ मि.मी.च्या पुंजक्यात तो ओळखूही येणार नाही. ६०० मीटरवर मात्र पतन चार मीटरांच्या घरात जाते व तोच फरक सात-आठ सेंटिमीटरांचा होतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. १०० मीटरवरील पुंजका वेगाच्या स्थिरतेविषयी काहीच सांगत नाही. आणि ज्यास १०० मीटरपलीकडे झाडावयाचे नाही त्याने वेगाच्या विचलनामागे लागण्याचे कारण नाही.

येथेही नमुन्याचा आकार विसरून चालत नाही. पाच गोळ्यांवरून वेगाचे प्रमाण विचलन सेकंदाला ३ मीटर आले, तर खऱ्या मूल्याच्या शेकडा ९५ विश्वसनीयता मर्यादा १.८ ते ८.६ मीटर अशा येतात. म्हणजे ही भरणी अत्युत्कृष्ट असेल किंवा अगदी सामान्यही असेल. वीस गोळ्यांवरून तेच मूल्य आले, तर मर्यादा २.३ ते ४.४ मीटर अशा संकोचतात. पाच गोळ्यांच्या 'तीन मीटर' आणि 'पाच मीटर' या दोन आकड्यांची तुलना करून भरणी निवडणे हे नाणेफेकीपेक्षा फारसे वेगळे नव्हे.

नळीचे कंपन आणि शिडी-चाचणी

दारूचे वजन बदलण्यामागे एक भौतिक कल्पना आहे, आणि ती त्याज्य नाही. गोळी सुटताना नळी कंप पावते. १९०१ मध्ये ए. मॅलक यांनी रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात रायफलीच्या नळीच्या कंपनांचे विवेचन केले होते. नळीचे तोंड वर उचलले जात असताना गोळी बाहेर पडल्यास, उशिरा बाहेर पडणारी मंद गोळी किंचित वरच्या दिशेने सुटते आणि तिचे अधिक पतन काही अंतरावर भरून निघते. ली-एन्फील्ड रायफलीचा हा गुण दूर पल्ल्याच्या नेमबाजांना परिचित होता.

याच कल्पनेच्या आधारे अमेरिकी नेमबाज क्रेटन ऑडेट यांच्या नावाने ओळखली जाणारी शिडी-चाचणी प्रचारात आली. तीत दारूचे वजन पायरीपायरीने वाढवून प्रत्येक पायरीची एकेक गोळी दूरच्या लक्ष्यावर झाडतात आणि ज्या लागोपाठच्या पायऱ्यांच्या गोळ्या समान उंचीवर पडतील तेथे 'स्थिर क्षेत्र' आहे असे मानतात. पुढे वेगमापकाच्या आकड्यांनाही हीच रीत लावण्यात आली : वेग वाढावयाचा थांबतो ती 'सपाटी' शोधावयाची.

कल्पना आणि तिचा पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. समजा, प्रत्येक पायरीस वेग सरासरीने सेकंदाला ६ मीटर वाढतो आणि एकाच भरणीच्या वेगाचे प्रमाण विचलन ४ मीटर आहे. मग लागोपाठच्या दोन गोळ्यांच्या वेगांतील फरकाचे माध्य ६ आणि प्रमाण विचलन ५.७ मीटर होईल. हा फरक दोन मीटरांच्या आत येण्याची संभाव्यता सुमारे ०.१६ भरते. दहा पायऱ्यांच्या शिडीत अशा नऊ जोड्या असतात. तेव्हा वेग प्रत्यक्षात एकसारखा वाढत असतानाही सरासरीने दीड 'सपाटी' दिसणारच. शिडी पुन्हा झाडली असता सपाटी त्याच पायरीवर येते काय, हा खरा प्रश्न आहे. तो विचारला जात नाही, कारण पहिल्याच वेळी उत्तर मिळाल्यासारखे वाटते.

वगळलेली गोळी

पुंजक्यापासून दूर पडलेली एखादी गोळी 'माझ्या हातून ओढली गेली' म्हणून मापनातून वगळण्याची प्रथाही सार्वत्रिक आहे. चाप ओढताच, छिद्र पाहण्यापूर्वी, नेमबाजाने चूक झाल्याचे जाहीर केले असेल तर तसे करणे समर्थनीय होय. छिद्र पाहिल्यावर वगळणे मात्र अनुमानाच्या दृष्टीने घातक ठरते. दूरस्थ निरीक्षणे केव्हा नाकारावीत याचा निकष ग्रब्स यांनी १९५० मध्येच मांडला होता. त्याचे मर्म असे की, प्रसामान्य वितरणातही काही निरीक्षणे दूर पडतातच. ती किती दूर पडणे अपेक्षित आहे हे न ठरविता त्यांस परके मानणे म्हणजे सिग्मा आपल्या इच्छेने लहान करणे होय. तीन गोळ्यांतून एक वगळून उरलेल्या दोघींचे अंतर मोजणाऱ्यास कोणतीही भरणी उत्तम वाटेल.

प्रयोगाची आखणी

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा नव्हे की, भरणीचा शोध व्यर्थ आहे. निष्कर्ष असा की, तो ज्या क्रमाने होतो तो क्रम बदलला पाहिजे.

प्रथम मोठ्या फरकाचे घटक तपासावेत. उत्तम प्रतीची गोळी व सामान्य गोळी, किंवा नळीच्या आट्यांच्या पिळास जुळणारी गोळी व न जुळणारी गोळी, यांतील फरक दहा-बारा गोळ्यांत स्पष्ट होण्याइतका मोठा असू शकतो. चोवीस काडतुसे आठ प्रकारांत वाटण्यापेक्षा दोन प्रकारांत वाटली, तर निदान असा मोठा फरक तरी हाती लागतो. दारूच्या वजनातील दशांश-दशांश ग्रेनचे भेद त्यानंतरचे.

दुसरे असे की, झाडण्याचा क्रम यादृच्छिक असावा. एका प्रकारच्या सर्व गोळ्या प्रथम आणि दुसरीच्या नंतर झाडल्या, तर नळी तापणे, तिच्यात मळी साचणे, वारा पालटणे आणि नेमबाज थकणे हे सर्व परिणाम भरणीच्या खात्यावर मांडले जातात. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात शेतातील वाफ्यांसाठी सांगितलेले तत्त्वच येथे लागू आहे. दोन प्रकारांच्या गोळ्या आळीपाळीने अथवा चिठ्ठ्या काढून झाडाव्यात.

तिसरे, कमाल पसाऱ्याऐवजी प्रत्येक छिद्राचे केंद्रापासूनचे अंतर मोजून त्याचे माध्य घ्यावे. त्यामुळे प्रत्येक गोळीची साक्ष उपयोगी पडते. निरनिराळ्या दिवशी झाडलेले पुंजके त्यांच्या त्यांच्या केंद्रावरून एकत्र करता येतात. पाच गोळ्यांच्या चार पुंजक्यांतून ३२ स्वातंत्र्य मात्रा मिळतात. वीस गोळ्यांच्या एका पुंजक्यातून ३८. तोटा अल्प आहे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे : निवडीसाठी वापरलेली निरीक्षणे पडताळ्यासाठी वापरू नयेत. निवडलेल्या भरणीची वीस नवी काडतुसे भरून झाडावीत आणि त्यांवरून येणारा आकडा हाच तिचा आकडा समजावा. रायफलीची दुर्बीण जुळविण्यासही हाच नमुना उपयोगी पडतो. तीन गोळ्यांच्या पुंजक्याचे केंद्र खऱ्या केंद्रापासून प्रत्येक दिशेस सिग्माच्या ०.५८ पट प्रमाण त्रुटीने ढळलेले असते. वीस गोळ्यांत ती त्रुटी ०.२२ पटीवर येते.

भारतातील संदर्भ

भारतात काडतुसे तयार करणे हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याच्या कक्षेत येते. त्यामुळे घरगुती छंद म्हणून भरणीची प्रथा येथे रुजलेली नाही. पुण्याजवळील खडकी येथे मात्र १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि .३०३ मापाची काडतुसे तेथे तयार होत असत. अशा कारखान्यात प्रत्येक घाण्यातून नमुना काढून तो झाडून पाहणे व त्यावरून उरलेल्या सर्व मालाविषयी निर्णय घेणे अटळ असते, कारण तपासलेले काडतूस शिल्लकच राहत नाही. नमुना-तपासणीच्या शास्त्राचे इतके उघड प्रयोजन क्वचितच आढळेल.

दुसरा संदर्भ क्रीडाक्षेत्रातील आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री-पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारांत .२२ मापाची रिमफायर काडतुसे वापरतात. त्यांचे स्फोटक पुंगळीच्या कडेतच असल्यामुळे ती व्यवहारतः पुन्हा भरता येत नाहीत. म्हणून या क्रीडाप्रकारात भरणीऐवजी घाण्याची निवड केली जाते : रायफल पक्क्या आधारात जखडून निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे झाडतात आणि तिला मानवणारा घाणा निवडतात. लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मि.मी. आहे, तेव्हा घाण्याची चुकीची निवड गुणांत दिसून येते. आठ घाण्यांचे आठ छोटे पुंजके झाडून सर्वांत लहान निवडणाऱ्यास येथेही तोच सापळा आहे.

उपसंहार

ज्या चुकीचे विवेचन येथे केले ती नेमबाजांपुरती मर्यादित नाही. खताच्या सात-आठ मात्रांपैकी एकाच हंगामात सर्वाधिक पीक देणारी मात्रा शिफारशीस पात्र ठरविणारा संशोधक, किंवा अनेक औषधयोगांपैकी मोजक्या रुग्णांवर गुणकारी दिसलेला योग उचलणारा वैद्य, हेही त्याच मार्गाने जात असतात. त्यांच्या चुका उघडकीस येण्यास वर्षे लागतात. रायफलधाऱ्याला मात्र आपल्या अनुमानाचा पडताळा पुढील वीस गोळ्यांत, एका तासाच्या आत, अल्प खर्चात घेता येतो. तो घेण्याची तयारी असणे, आणि लहान पुंजक्याचा कागद भिंतीवर लावण्यापूर्वी तो घेणे, यातच नवशिक्या व अभ्यासक यांतील अंतर सामावलेले आहे.